चौफुल्यावरची फर्माईश

पुण्याहून सोलापूरच्या वाटेने निघाले, की साठेक किलोमीटरवर चौफुला लागतो. नाव अगदी सार्थ आहे. एक वाट पुण्याची, एक सोलापूरची, एक सुप्यावरून मोरगावच्या गणपतीकडे जाणारी आणि एक केडगावकडे वळणारी, अशा चार वाटा येथे एकमेकींना भेटतात. एसटीच्या उतारूला चौफुला आठवतो तो चहाभज्यांमुळे. पण आसपासच्या चार तालुक्यांतल्या बागायतदाराला तो कशामुळे आठवतो, हे सभ्य माणसे चारचौघांत बोलत नाहीत. चौफुल्याला लावणीची थिएटरे आहेत.

मी गेली अठरा वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवतो. रामजोशी, होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर ही नावे दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि लावणीतील शृंगार हा विषय मुलामुलींच्या नजरा चुकवत तीन तासिकांत उरकतो. पण बैठकीची लावणी मी कधी समोर बसून ऐकली नव्हती. पोहण्यावर पुस्तक लिहिणाऱ्याने विहिरीत पाय घातलेला नसावा, तशातली गत! तेव्हा गेल्या दिवाळीच्या सुटीत मी धीर करून घरात विषय काढला.

"मग मीही येते," सौ. म्हणाली.

"अगं, पण तिथे बायका..."

"तिथे बायकाच असतात ना? मग आणखी एकीने काय बिघडतं?"

यावर तर्कशास्त्राच्या प्राध्यापकालाही उत्तर सुचले नसते; मी तर मराठीचा. तिने लगेच बेतही आखून टाकला. सकाळी मोरगावला मयूरेश्वराचे दर्शन, दुपारी केडगाव, आणि संध्याकाळी चौफुला. म्हणजे देव, सुधारणा आणि शृंगार, सारे एका दिवसात आणि एकाच टाकीभर पेट्रोलात.

केडगाव म्हणजे पंडिता रमाबाईंचे गाव. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढे ते पुण्यास आणले, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या बायकामुलींना घेऊन केडगावी मुक्ती सदन उभे केले. येथल्या छापखान्यात बायका खिळे जुळवत. येथेच रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि १९२२ साली येथेच त्यांनी देह ठेवला. दुपारच्या उन्हात त्या आवारापाशी उभे राहिलो तेव्हा शेजारच्या गुऱ्हाळावरून काकवीचा वास येत होता. इथून चौफुला काही मिनिटांच्या वाटेवर आहे. बाईने स्वतःच्या पायांवर उभे राहावे म्हणून झटलेली ही जागा, आणि बाईच्या पायांतल्या चाळांवर चालणारी ती जागा, दोन्ही एकाच शिवाराच्या अंगाखांद्यावर! या विरोधावर एक छान परिच्छेद मी मनात तिथल्या तिथे जुळवूनही ठेवला. तो पुढे का लिहिला नाही, ते सांगतोच.

तमाशाचे दोन प्रकार आहेत. एक ढोलकी-फडाचा. त्यात गण, गवळण, बतावणी आणि वग असतो, आणि गावोगावच्या जत्रांत तंबू पडतो. दुसरी संगीत बारी. हिच्यात सारा कारभार बायकांचा. एकेका थिएटरच्या आवारात अनेक पार्ट्या खोल्या घेऊन राहतात. पार्टीची एक मालकीण, तिच्या हाताखाली मुली, आणि साथीला पेटी, तबला, ढोलकी. संध्याकाळी रंगमंचावर पार्ट्या पाळीपाळीने नाचतात, ही 'बारी'. मग कोणाला एखादी पार्टी आवडली, तर तो ठराविक वेळेची खासगी बैठक घेतो. उत्पन्नात थिएटरमालकाचा वाटा असतो.

दौंडकडचा माझा एक जुना विद्यार्थी आमच्या सोबतीला आला होता. त्याच्या ओळखीने बैठक ठरली. खोली साधीच, गादी-तक्के मांडलेली. भिंतीवर देवीची तसबीर, तिच्या खाली पैशांच्या मोबाइल-व्यवहाराचा चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलेला. दोन्हींना सारखाच हार होता. विद्यार्थ्याबरोबर त्याच्या नात्यातले एक बागायतदारही होते. वय पंचावन्नच्या आसपास, बोटांत तीन अंगठ्या, आणि सौ.ला पाहून झालेली पंचाईत चेहऱ्यावर.

मालकीणबाई पन्नाशीच्या. त्या नाचल्या नाहीत. नऊवारीचा पदर सावरून खाली बसल्या आणि बसल्या जागी गायल्या. अदाकारी म्हणतात ती ही. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना याच कलेसाठी २०१२ साली पद्मश्री मिळाली. एकच ओळ बाई पाचसहा तऱ्हांनी म्हणत. एकदा रुसून, एकदा डिवचून, एकदा डोळ्यांत पाणी आणून. आणि दर वेळी समोरच्याला वाटावे, ही आपल्यालाच म्हणते आहे. मला वाटले तसेच बागायतदारांनाही वाटले असावे, कारण त्यांनी नोट पुढे केली.

"बाई, बायकोगत भांडा की जरा आमच्याशी!"

बाई भांडल्या. अहो, काय भांडल्या! बाजारातून आणायची राहिलेली हळद, सासूचे टोमणे, उशिरा येणे, सारे त्या एका लावणीच्या अंतऱ्यांत बसवले. ढोलकीवाला हसत होता, सौ. तर तोंडाला पदर लावून हसत होती. बागायतदार रंगात आले. त्यांनी आणखी दोन नोटा काढल्या आणि एक नाव उच्चारले. ते त्यांच्या पत्नीचे होते. दोन वर्षांपूर्वी वारली होती, हे मला मागाहून कळले.

"आता या नावानं हाक मारतो. तुम्ही ओ द्या."

बाईंनी हात वर केला. ढोलकी थांबली. त्या थांबण्यात राग नव्हता, पण खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली.

"पावणं, रुसायला सांगा, भांडायला सांगा, रडायलाबी सांगा. पर ओ देईन ती माझ्याच नावानं. त्या बाईचं नाव तुमच्या घरात राहू द्या."

आणि दोन्ही नोटा त्यांनी तबकातून उचलून परत त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. बागायतदार काही वेळ खाली पाहत बसले. मग त्या नोटा खिशात घालून हळूच म्हणाले, "बरोबर हाय, बाई." नंतरची लावणी त्यांनी मान खाली घालूनच ऐकली.

बैठक संपल्यावर चहा आला. आता सौ. आणि बाई बोलत होत्या, मी श्रोता. सौ.ने सरळ विचारले, "अहो, असं नाही म्हणताना भीती नाही वाटत? गिऱ्हाईक तुटलं तर?"

"तुटंल की. ताई, पयल्यांदी मीबी सगळ्याला हो म्हणायची. मग रातची झोप लागंना. तवा माझ्या मावशीनं शिकवलं, सोंग करायच्या आधी सोंगाची वेस ठरवायची. वेशीच्या आत कायबी मागा."

त्यांची वेस अशी आहे. अंगाला हात लागता कामा नये. हा तर बैठकीचा जुनाच कायदा. मंगळसूत्र घालून कोणासमोर बसायचे नाही. या घराण्यांत चाळ बांधलेली मुलगी लग्न करत नाही, म्हणून ती वस्तू खोटी घालवत नाही, असे त्या म्हणाल्या. कोणाच्या आईचे, बहिणीचे, भावजयीचे सोंग करायचे नाही. बाप आणि लेक एकत्र आले, तर त्यांच्यापुढे शृंगार गायचा नाही, भक्तीची लावणी गायची. प्यालेल्याची फर्माईश ऐकायची, पण पुरवायची नाही. आणि नव्या मुलीला पहिल्या दिवशी पावले शिकवण्याआधी हात वर करायला शिकवायचे. तो हात वर गेला, की पेटी-ढोलकीने थांबायचे. मग समोर कोणी का बसलेला असेना.

"आणि फोन आले ते?" माझ्या विद्यार्थ्याने आठवण करून दिली.

२०२० च्या टाळेबंदीत थिएटरे बंद पडली आणि चूल पेटायची पंचाईत झाली, तेव्हा जुनी गिऱ्हाइके मोबाइलवर समोर येऊन फर्माईश करू लागली. बाई गायल्या. पण त्यांनी फोन असा टेकवून ठेवला, की चेहरा आणि हात तेवढे दिसावेत. काहींना तेवढ्याने भागेना. "बैठकीत हात वर केला का ढोलकी थांबती. फोनवर ढोलकीवाला कुठला? मग बोटानं फोनच थांबवायचा, आन् तो नंबर पुन्हा लागू द्यायचा न्हाई." परदेशांत कॅमेऱ्यापुढे बसून अनोळखी गिऱ्हाइकांच्या फर्माइशी पुरवणे हाच कित्येक बायकांचा व्यवसाय आहे, आणि काय करू, काय करणार नाही, हे त्या आधीच लिहून लावतात, असे माझा पुतण्या मला सांगत असे. मला ते फार दूरचे आणि ओंगळ वाटे. चौफुल्याच्या त्या खोलीत ते फारसे दूरचे राहिले नाही.

वेशी बाहेरूनही आखल्या गेल्या आहेत. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर काही काळ बंदी घातली होती. २००५ साली डान्सबार बंद झाले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी टिकू दिली नाही. २०१९ साली त्याच न्यायालयाने टिप देता येईल, पैसे उधळता येणार नाहीत, असे ठरवले. या साऱ्यांत मोठमोठी माणसे बाईने काय करू नये यावर बोलली. बाईने काय करणार नाही म्हणून सांगितले, ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

आता माझी गोष्ट. निघताना मला राहवले नाही. मी प्राध्यापकी आवाजात म्हणालो, "बाई, एक विनंती आहे. तुम्ही या मार्गाला कशा आलात, काय सोसलंत, ते थोडं सांगाल का? मला लिहायचं आहे." आणि मी, काय सांगू, पाकिटातून नोट काढून पुढे केली.

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मग हात वर केला, अगदी मघासारखाच. ढोलकी तर केव्हाच गवसणीत गेली होती, तेव्हा थांबायचे ते मलाच होते.

"सर, लावणी सांगा, रातभर गाते. ही फर्माईश मी घेत न्हाई. तुमच्यासारखी शिकलेली मान्सं येत्यात, त्यांना माझं रडं पायजे असतं. बागायतदाराला बायको पायजे होती, तुमाला बिचारी पायजे. दोन्ही सोंगंच की!"

त्या हसून बोलल्या, म्हणून अधिक लागले. मी नोट खिशात घातली. मघाशी बागायतदारांनी घातली तशीच. त्यांनी निदान 'बरोबर आहे' असे म्हटले होते. माझ्या तोंडून तेवढेही निघाले नाही. सौ.ने मात्र पुढे होऊन बाईंचा हात हातात घेतला, गाण्याचे ठरलेले पैसे तबकात ठेवले आणि म्हणाली, "पुढच्या वेळी फक्त गाणं ऐकायला येऊ." बाईंनी तिला हळदीकुंकू लावले.

परतताना केडगावच्या फाट्यावर दिवे दिसले. दुपारी जुळवलेला तो छान परिच्छेद आठवला. त्यात एका बाजूला तारणारी होती आणि दुसऱ्या बाजूला तारून घेण्याची वाट पाहणारी. संध्याकाळी भेटलेली बाई त्यात कुठेच बसेना. तिचे जिणे सोपे आहे, असे मी म्हणत नाही. तिच्या समाजातल्या मुलींच्या वाट्याला काय येते, हे 'कोल्हाट्याचं पोर' वाचलेल्या कोणालाही ठाऊक आहे. पण ते सांगायचे की नाही, कोणाला आणि केव्हा, हे ठरवणारी तीच.

गाडी यवत ओलांडून पुढे आली तेव्हा सौ. म्हणाली, "तुम्ही वर्गात लावणी शिकवता, तेव्हा तीन तासिकांत उरकता ना?"

"हो."

"यंदा चार घ्या."

या सत्रात मी चार घेतल्या. चौथ्या तासिकेला फळ्यावर एकाही शाहिराचे नाव लिहिले नाही. त्या ओळी कोणी गायल्या, बसल्या जागी कशा गायल्या, आणि कुठे हात वर केला, एवढेच सांगितले. मागच्या बाकावरच्या मुली पहिल्यांदाच वर मान करून ऐकत होत्या.