मशीन थांबल्यावरचा काटा

इचलकरंजीतल्या सायझिंगमध्ये मशीन चालू असतं तोवर पीआरव्हीबद्दल, म्हणजे वाफेचा दाब उतरवणाऱ्या व्हॉल्व्हबद्दल, कुणाची तक्रार नसते. बॉयलरकडून दहा किलोची वाफ येते, व्हॉल्व्ह ती तीन किलोवर आणतो, सिलिंडर तापतात, खळ लावलेलं सूत वाळत पुढे सरकतं. भानगड सुरू होते ती बीम भरल्यावर. मशीन थांबतं, सायझर सिलिंडरची वाफ बंद करतो आणि पुढच्या गेजचा काटा तीनवरून हलतो. सव्वातीन, साडेतीन, चार. मग सेफ्टी व्हॉल्व्ह फुरफुरतो. नवा बीम चढवून मशीन चालू केलं की काटा मुकाट्याने पुन्हा तीनवर. शेठ म्हणतात, ‘चाललंय की!’

हे ‘चाललंय की’ ऐकलं की मिस्त्रींचं डोकं फिरतं. वाफेच्या लायनींवर त्यांची हयात गेली आणि त्यातला बराच काळ या एका काट्याच्या मागे गेला. त्यांचं म्हणणं, पीआरव्हीची परीक्षा वाफ वाहत असताना होतच नाही. सीट चिरलेला व्हॉल्व्हसुद्धा चालू मशीनवर दाब धरून ठेवतो, कारण जेवढं गळतं त्याच्या कितीतरी पट पुढे खपतं. मागणी शून्यावर आली की त्याला पूर्ण मिटावं लागतं. तिथे तो उघडा पडतो. आणि नेमकं त्याच वेळी त्याच्याकडे बघायला कुणी नसतं, सगळे बीम उतरवण्यात गुंतलेले असतात.

हा नाद जुनाच. अलीकडे तो वाढला, त्याला कारण मिस्त्रींचा कान.

कान पूर्ण गेलेला नाही. माणसाचं बोलणं ऐकू येतं, फोनही ऐकू येतो. गेला तो वरचा पट्टा. फीड पंप, ब्लोअर आणि ब्लोडाउन यांच्या शेजारी उमेदीची वर्षं काढली. त्या काळी कानात बोळे घालणाऱ्याला बॉयलर हाउसात हसायचे. मिटलेल्या सीटमधून निसटणाऱ्या वाफेची शिट्टी त्याच वरच्या पट्टीत असते. हाताखाली आयटीआय झालेला एक पोरगा आहे. तो व्हॉल्व्हच्या बॉडीवर स्क्रूड्रायव्हर टेकवतो, मूठ कानाशी धरतो आणि सांगतो, ‘काका, शिट्टी हाय.’ काकांना शिट्टी येत नाही. तरी ते स्क्रूड्रायव्हर घेतात, डोळे मिटतात, सावकाश मान हलवतात. भोवती माणसं उभी असली तर डोळे जरा जास्त वेळ मिटलेले राहतात. हे ते स्वतःच हसत सांगतात. शेठ लोक पैसे शिट्टीचे देत नाहीत, मिटलेल्या डोळ्यांचे देतात, असा त्यांचा हिशेब आहे.

कानाचा भरवसा संपला तसे मिस्त्री काट्याकडे वळले. चाचणी साधी आहे. पीआरव्हीला वळसा घालणारा बायपास बंद, पीआरव्हीपुढचा आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद, मागची वाफ चालू. आता गेजसमोर बसायचं. काटा ठरलेल्या दाबाच्या थोडा वर जाऊन थांबला तर ठीक, कारण प्रवाह तुटल्यावर एवढं चढणं स्प्रिंगच्या व्हॉल्व्हच्या स्वभावातच असतं. न थांबता चढतच राहिला तर गळती आहे. पण गळतंय कोण? मग पीआरव्हीच्या मागचा व्हॉल्व्हही बंद करायचा. तरी काटा चढला तर बायपास चोर. मिस्त्रींच्या अनुभवात बायपासचा गुन्हा पीआरव्हीच्या नावावर इतक्यांदा लागतो की नवा पीआरव्ही विकत घ्यायला निघालेल्या माणसाला ते आधी बायपासचा ग्लोब व्हॉल्व्ह उघडायला सांगतात.

एवढ्यावर हा विषय संपता तर बरं होतं. काटाही खोटं बोलतो.

मिस्त्रींना एक नवीच तक्रार यायला लागली आहे. फोनवर शेठ म्हणतात, ‘मिस्त्री, लॅगिंगवाल्यानं वाट लावली बघा. आधी सेफ्टी कधी उडत नव्हता, आता रोज उडतोय.’ इंधन महागलं म्हणून पीआरव्हीपुढच्या उघड्या पाइपाला ग्लासवूल आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवलेला असतो. व्हॉल्व्हला कुणी हातही लावलेला नसतो. मग बिघडलं काय?

बिघडलेलं आधीच होतं, पाइप ते झाकत होता. तीन किलोला वाफ १४३ अंशांच्या आसपास असते. पन्नास मिलिमीटरच्या उघड्या पाइपात, मीटरमागे तासाला साधारण अर्धा किलो वाफ नुसती थंड होऊन पाणी होते आणि ट्रॅपमधून निघून जाते. असा दहा-बारा मीटर पाइप असला की तासाला पाच-सहा किलो वाफ तोच गिळतो. सीटमधली गळती याहून कमी असेल तर गेजला पत्ता लागत नाही. पाइपाला लॅगिंग केलं की हे गिळणं जवळजवळ थांबतं, गळलेल्या वाफेला जायला जागा उरत नाही आणि काटा चढतो. लॅगिंगवाल्याचा दोष एवढाच की त्याने काम चांगलं केलं. मिस्त्री आता उघड्या पाइपावरच्या चाचणीला अर्धाच मान देतात. काटा चढला तर गळती नक्की. नाही चढला तरी सीट चांगली आहे असं ते म्हणत नाहीत, ‘पाइपानं खाल्लं असंल’ म्हणतात.

सीट चिरते कशाने, हे या धंद्यात कुणालाही विचारा, ओली वाफ म्हणेल. ते बरोबर आहे. पण मिस्त्रींचा खरा राग लाइनच्या मापाच्या व्हॉल्व्हवर आहे, आणि तो निघाला की चहा गार होतो. पाइप पन्नासचा, म्हणून व्हॉल्व्ह पन्नासचा. वाफेचा खप मोजला तर पुष्कळ ठिकाणी पंचवीसचा पुरतो. विकणारा सांगत नाही, घेणारा विचारत नाही. मोठा व्हॉल्व्ह मग जन्मभर सीटपासून केसभर उचलून काम करतो. पुढचा निरपेक्ष दाब मागच्या दाबाच्या ५८ टक्क्यांखाली गेला की फटीतल्या वाफेचा वेग आवाजाच्या वेगाला भिडतो, आणि दहाचे तीन करताना आपण त्याच्या बरेच खाली असतो. त्या वेगात पाण्याचे थेंब असले की सीटवर आडवी चीर पडते, दाढीच्या ब्लेडने ओढल्यासारखी. ती एकदा पडली की वाफच तिला खोल करत जाते.

दुसरा राग टेफ्लॉन टेपवर. पाण्याच्या लायनी करणारे प्लंबर वाफेच्या कामात शिरले, त्यांनी सोबत दोन गोष्टी आणल्या असं ते म्हणतात: खाली तोंड करून बसवलेला स्ट्रेनर आणि आट्यांच्या टोकाबाहेर लोंबणारी टेप. स्ट्रेनरच्या पोटात पाणी साचतं आणि ते वाफेबरोबर थेट सीटवर जातं. टेपची चिंधी जाते पायलटच्या, म्हणजे मेन व्हॉल्व्हला चालवणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हच्या, बारीक सीटखाली. मेन व्हॉल्व्ह नवाकोरा असला तरी पायलट मिटला नाही की तोही मिटत नाही. यात त्यांचा थोडा व्यावसायिक आकस आहे हे उघड आहे, कारण पुष्कळ प्लंबर हे काम नीट करतात. पण पायलटमधून चिमट्याने काढलेल्या चिंध्या त्यांनी एका डबीत जपून ठेवल्या आहेत आणि संशय घेणाऱ्यापुढे ते ती डबी उघडतात.

सीट घासायचं काम ते आजही कुणाला देत नाहीत. पेस्टचं बोट फिरवून डिस्क सीटवर टेकवायची. अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे, मध्येच उचलून जागा बदलायची. मग रॉकेलने धुऊन डिस्कला निळ्याचा पुसट हात द्यायचा, एकदा टेकवायची आणि सीट उजेडात बघायची. निळं कडं कुठेही न तुटता उमटलं पाहिजे आणि ते बारीक पाहिजे. रुंद कडं म्हणजे हात जास्त चालला. जमलं की मिस्त्री बॉनेटच्या आतल्या बाजूला पंचने एक ठिपका मारतात. बाहेरून तो दिसत नाही. दिसतो तो पुढे कधी दुसऱ्या फिटरने व्हॉल्व्ह उघडला तर, आणि ठिपका त्याच्यासाठीच असतो. पोरगा म्हणतो, कंपनीचं तयार किट आणून बसवलं तर अर्ध्या दिवसाचं काम तासात होतं आणि सीट घासलेलीपेक्षा चांगली मिळते. पोरगा बरोबर आहे. चीर खोल असेल तर घासून सीटचा आकारच जातो. पण किटवर ठिपका मारण्यात मजा नाही, असं मिस्त्री म्हणाले आणि विषय बदलला.

पीआरव्ही बसवलेली जागा कायद्याच्या दृष्टीनेही गमतीची आहे. १९२३ च्या बॉयलर कायद्याने, ज्याची जागा आता २०२५ च्या कायद्याने घेतली आहे, स्टीम पाइपाची व्याख्या केली होती ती अशी: आतला दाब चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोच्या वर, किंवा आतला व्यास २५४ मिलिमीटरहून जास्त आणि दाब एक किलोच्या वर. दहा किलोची लाइन या व्याख्येत आली. तीन किलोची बारीक लाइन बाहेर राहिली. म्हणजे बॉयलर इन्स्पेक्टरची हद्द बहुतेक सायझिंगमध्ये एका स्प्रिंगपाशी संपत होती. पुढचे सिलिंडर १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३१ खाली येतात, त्यांची तपासणी वेगळा माणूस करतो. सिलिंडर तपासणारा सिलिंडर बघतो, बॉयलर तपासणारा बॉयलर बघतो. बीम बदलताना दोघांच्या मधला काटा कुठे जातो, हे सायझरला माहीत असतं, आणि त्याला कुणी विचारत नाही.

सीट, पायलट, स्प्रिंग सगळं ठणठणीत असताना व्हॉल्व्ह पुढच्या लाइनवर पूर्ण दाब कसा सोडतो, याचा नमुना मिस्त्रींनी एका कारखान्यात पाहिला होता. पुढचा दाब व्हॉल्व्हला कळवणारी बारीक नळी फिटरने आयसोलेशन व्हॉल्व्हच्या पलीकडे जोडली होती. आयसोलेशन बंद केला की पलीकडची वाफ विरून जायची, नळी सांगायची की दाब पडला, आणि पीआरव्ही इमानदारीत सताड उघडायचा. अलीकडच्या तुकड्यात दहा किलो! सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच तुकड्यावर होता म्हणून निभावलं.

हीच गोष्ट १३ सप्टेंबर २०१८ रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉरेन्स, अँडोव्हर आणि नॉर्थ अँडोव्हर या गावांत घडली, वाफेच्या जागी घरगुती गॅस होता एवढाच फरक. कोलंबिया गॅस कंपनी जुनी बिडाची लाइन बाद करून प्लॅस्टिकची टाकत होती. गॅस नव्या लाइनवर वळवला, पण दाब कळवणाऱ्या नळ्या जुन्या लाइनवरच राहिल्या. जुन्या लाइनमधला गॅस संपत गेला तसा रेग्युलेटरांना दाब पडल्याचा निरोप गेला आणि ते उघडत गेले. एक बिघडला तर सांभाळायला म्हणून दुसरा रेग्युलेटर होता, पण त्याची नळीही त्याच मेलेल्या लाइनवर. घराघरांत शेगड्या आणि हीटरच्या ज्योती भडकल्या. एक तरुण दगावला, वीसहून अधिक जखमी झाले, १३१ इमारतींचं नुकसान झालं. कंपनीने गुन्हा कबूल केला आणि तिला ५ कोटी ३० लाख डॉलर दंड झाला. अपघाताच्या वेळी दोन्ही रेग्युलेटर आपापलं काम चोख करत होते.

पोराने हे मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा मिस्त्रींनी एकच विचारलं: ‘दुसऱ्याची नळी पण तिथंच?’ मग बराच वेळ शिव्या दिल्या. त्यांच्या मते दोन व्हॉल्व्ह लावून खबर एकाच ठिकाणाहून घ्यायची असेल तर दुसऱ्याचे पैसे वाचवावेत. म्हणूनच पीआरव्हीपुढचा सेफ्टी व्हॉल्व्ह त्यांना सगळ्यांत मोलाचा वाटतो. तो कुणाच्या नळीवर अवलंबून नसतो, त्याच्या तोंडाशी जो दाब येतो तोच त्याला कळतो.

आणि तोच बहुतेक ठिकाणी छोटा निघतो. सेफ्टी व्हॉल्व्ह मशीनच्या खपावर निवडलेला असतो. निवडायला हवा तो पीआरव्ही सताड उघडा अडकला तर जेवढी वाफ सोडेल तेवढी बाहेर टाकणारा. पंचवीसच्या जागी पन्नासचा पीआरव्ही बसवला की ही वाफ कितीतरी पटींनी वाढते, सेफ्टी मात्र जुनाच राहतो. फुरफुरला म्हणून सुखी व्हायचं कारण नाही. सीट गळते तेवढी वाफ तो टाकेल. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा अडकला तर तो फुरफुरत असतानाच सिलिंडरमधला दाब चढत राहील.

ज्यांच्याकडे सायझिंग, प्रोसेस हाउस किंवा वाफेवर चालणारं मोठं स्वयंपाकघर आहे, त्यांनी दोन्ही व्हॉल्व्हच्या पाट्यांवरचे मॉडेल नंबर उतरवून घ्यावेत आणि बनवणाऱ्या कंपन्यांकडे क्षमतेचे तक्ते मागावेत. पूर्ण उघड्या पीआरव्हीची किलो-प्रतितास क्षमता सेफ्टीच्या क्षमतेपेक्षा जास्त निघाली, तर पुढच्या बीमची वाट न बघता सेफ्टी बदलून घ्यावा.