वाफसा

फावडे ही काय लेख लिहिण्याजोगी वस्तू आहे, असे वाचक विचारतील. गेल्या जूनपर्यंत मीही तेच विचारले असते. पण उज्जैनला मावशीकडे महिनाभर राहिले आणि माझे मत पालटले.

शिंद्यांची राजधानी १८१० साली ग्वाल्हेरला गेली, तरी उज्जैनमध्ये मराठी घरे राहिली. मावशीचे सासर त्यांपैकीच एक. घरामागे लहानसे परसू आहे. काकांचे गुडघे दुखू लागल्यापासून ते ओसाड पडले होते. पुण्याहून दादाचा फोनवर एकच धोशा : "फरशी घालून टाका." मावशी काही बोलत नसे, मात्र पारिजातक, कढीलिंब आणि पेरूची दोन रोपे डब्यांतून जगवीत होती. यंदाही खड्डे झाले नाहीत तर फरशी होणार, हे सर्वांना ठाऊक होते.

जुन्या फावड्याचे पाते झिजून गेले होते. काका मला घेऊन बाजारात गेले. त्यांनी रंग पाहिला नाही. पात्यावर खडा मारून नाद ऐकला. तो खणखणीत हवा, बद्द नको. दांड्याचे रेषे सरळ आहेत, गाठ नाही, पाचर घट्ट आहे, हे पाहिले. मग फावडे माझ्या हाती देऊन म्हणाले, "पोरी, उचलून बघ. वजन तुला पेलायला हवं." वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर, घसारा धरला की चार पैसे जास्तीचे फावडेच स्वस्त पडते!

इंग्रजी चित्रपटांतले फावडे पायाने दाबून जमिनीत रोवतात. आपले पाते दांड्याशी कोन करून वळलेले असते. ते उचलून मारायचे आणि आपल्याकडे ओढायचे. जोर मनगटाचा नव्हे, सगळ्या अंगाचा लागतो. पण माळव्याच्या काळ्या मातीपुढे नुसता जोर चालत नाही. उन्हाळ्यात ती भेगाळून दगड होते, पावसात फुगून पात्याला चिकटते. म्हणून पहिल्या सरींनंतर काकांनी मला दोन दिवस थांबविले. तिसऱ्या दिवशी मुठीत दाबलेले ढेकूळ बोटाने सहज फुटले, तेव्हा ते म्हणाले, "अब बतर है." आपण ज्याला वाफसा म्हणतो, कानडीत ज्याला 'हद' म्हणतात, तेच हे. तिन्ही भाषांतल्या शेतकऱ्यांनी त्या घडीसाठी वेगळा शब्द राखून ठेवला आहे.

दोन दिवसांत चार खड्डे झाले. दोन फूट रुंद, दोन फूट खोल. वरची माती एकीकडे, खालची दुसरीकडे. वरच्या मातीत शेणखत कालवून ती मुळांशी घातली. काका खुर्चीवरून सांगत होते, मावशी रोपे धरीत होती. माझ्या तळहातांना फोड आले.

रात्री दादाचा फोन आला. मावशी एवढेच म्हणाली, "फरशीचे पैसे पाठवू नकोस रे."