खडूच्या रेषा

मी स्टेडियमची दारं बंद केली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. पुण्यातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाभोवती पाच जण बसलो होतो. मध्ये फासे, वेफर्सची रिकामी पाकिटं आणि मी पेन्सिलीनं काढलेला आखाड्याचा नकाशा.

"दारं बंद म्हणजे?" रूममेटनं विचारलं.

"म्हणजे बाहेरून अडसर घातलेत. प्रेक्षकांना अजून कळलेलं नाही."

ज्यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स कधी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण डंजन मास्टर असतो, म्हणजे डीएम. तो जग सांगतो. बाकीचे त्या जगातली एकेक व्यक्ती होतात आणि 'मी असं करतो' म्हणतात. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आमच्यात डीएम मी होतो आणि आम्ही खेळत होतो ते जग होतं 'डार्क सन'.

हे जग १९९१ साली टीएसआर कंपनीनं काढलं. टिमोथी ब्राऊन आणि ट्रॉय डेनिंग हे त्याचे मुख्य रचनाकार. ग्रहाचं नाव अथास. जादूगारांनी जमिनीतला जीव ओढून ओढून त्याचं वाळवंट केलंय. लोखंड इतकं दुर्मिळ की लोक हाडाच्या आणि दगडाच्या हत्यारांनी लढतात. तिथे ग्लॅडिएटर हा चक्क एक व्यवसाय आहे, चोर किंवा योद्धा निवडावा तसा तुम्ही तो निवडू शकता. आणि प्रत्येक खेळाडूनं एक नाही, चार पात्रं तयार ठेवायची असा मूळ नियम आहे. कारण पहिलं मरणार, हे जवळपास गृहीतच धरलेलं असतं.

या जगात देव नाहीत. शहरांवर जादूगार-राजे राज्य करतात आणि देवाची जागा त्यांनीच घेतलीय. त्यांचे टेम्पलर हे पुजारीही आणि सरकारी अधिकारीही. मंत्रांची ताकद त्यांना राजाकडूनच मिळते. टिर नावाच्या शहरात कालाक नावाचा राजा हजार वर्षं राज्य करतोय. गुलामांकडून त्यानं एक प्रचंड झिगुरात बांधून घेतलाय आणि तो पूर्ण झाल्याच्या उत्सवात आखाड्यात लढती ठेवल्यात. लोकांना वाटतं, राजा आपल्याला खेळ दाखवतोय. राजाला मात्र ड्रॅगन व्हायचंय. त्यासाठी लागणारा जीव तो वाळूवरच्या चार लढवय्यांकडून घेणार नाही. तो घेणार आहे बाकांवर बसलेल्या सगळ्यांकडून.

ही गोष्ट वाचली त्याच दिवशी मी ठरवलं होतं, कॅम्पेन हेच चालवायचं.

पुस्तकात होतं ते मी वाढवलं. लढती नुसत्या लढती न ठेवता त्यांचा विधी केला. आखाड्याच्या मधोमध एक झाड रोवलेलं, त्याला झेंडा बांधलेला. दोन्ही बाजूंनी ढोल. लढवय्ये वाळूत उतरण्याआधी झाडाला हात लावून नमस्कार करतात. रक्त सांडलं की लोक जयजयकार करतात. जखमी माणूस हसत हसत कपाळाला माती लावून घेतो. शेवटी जिंकलेली बाजू झाड उपटून मंदिरात नेते.

चार रविवार हे चाललं. सगळ्यांना प्रचंड आवडलं. रूममेट तर जयजयकार सुरू झाला की टेबल वाजवायचा. एकदा तो म्हणाला, "तुला हे सुचतं कुठून रे?"

"असंच," मी म्हणालो.

ते खोटं होतं.

माझं आजोळ पांढुर्ण्याचं. नागपूरपासून फार लांब नाही, पण राज्य मध्य प्रदेश. गावात मराठी सर्रास ऐकू येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे गोटमार होते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा. सावरगावकरांनी ते राखायचं, पांढुर्णेकरांनी ते तोडून आणायचं, आणि दिवसभर दोन्ही काठांवरून एकमेकांना गोटे मारायचे. खरे गोटे, नदीतले. शेवटी झाड चंडी मातेच्या देवळात जातं. लोक सांगतात की पांढुर्ण्याच्या एका मुलानं सावरगावच्या मुलीला पळवून आणलं आणि नदी ओलांडताना दोघं गोट्यांखाली मेली, त्यांची ही आठवण. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. आजवर अनेकांचे जीव गेलेत. प्रशासनानं एकदा गोट्यांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी गोटेच उचलले.

मी अकरा वर्षांचा होतो. आम्हा पोरांना नदीवर जायची बंदी होती, म्हणून आम्ही मामाच्या गच्चीवर. नदी तिथून दिसत नसे, पण जखमींना आमच्याच गल्लीतून नेत. सकाळी आईनं आम्हाला चिवडा दिला होता आणि आम्ही कुठूनतरी खडू आणला होता. एक जखमी गेला की कठड्यावर एक रेष. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. शेजारच्या गच्चीवरची पोरंही मोजत होती आणि आम्ही ओरडून एकमेकांना आकडे सांगत होतो. रेष वाढली की नाचत होतो.

दुपारी दोघांनी एकाला खांद्यावर टाकून नेलं. तोंडावर टॉवेल होता, टॉवेल लाल झाला होता. मी रेष ओढली. खाली मामीनं किंचाळी फोडली तेव्हा कळलं की तो माझा मामेभाऊ होता. सतरा वर्षांचा. त्याचा डावा डोळा गेला.

ती रेष मी कुणाला सांगितली नाही. संध्याकाळी गच्चीवर जाऊन सगळा कठडा ओल्या फडक्यानं पुसला.

कॅम्पेनची तयारी करताना मी बरंच वाचलं. रोममध्ये ग्लॅडिएटरच्या लढतींची पहिली नोंद इसवी सनपूर्व २६४ची आहे. ब्रूटस पेरा नावाच्या माणसाच्या अंत्यविधीला त्याच्या मुलांनी गुरांच्या बाजारात तीन जोड्या लढवल्या. या लढतींना 'म्यूनस' म्हणत, म्हणजे कर्तव्य, देणं. मेलेल्याचं देणं. पुढे पुढारी आपल्या मेलेल्या नातलगांच्या नावानं जोड्या वाढवत गेले, कारण बघणारे मतदार होते. मेलेल्याचं नाव राहिलं, देणं मात्र प्रेक्षकांना मिळू लागलं.

मैसूरच्या राजवाड्यात दसऱ्याला वज्रमुष्टी होते. जेट्टी मल्ल डोक्याचा गोटा करून, मुठीत टोकदार हत्यार अडकवून लढतात. रक्ताचा पहिला थेंब दिसला की लढत थांबते. बहुतेकदा सगळं काही क्षणांतच आटोपतं. मला हे वाचून आधी हसू आलं, एवढंच? मग बराच वेळ तोच एक विचार डोक्यात राहिला. तिथे देवीला किती पुरे, हे आधीच ठरलेलं आहे. आमच्या गच्चीवर कुणी तसं ठरवलं नव्हतं. आम्हाला अजून एक रेष हवी असायची.

तर, दारं बंद झाली होती.

माझी एक मैत्रीण नर्सिंग शिकते. तिचं पात्र वाळूवर उभं होतं, प्रतिस्पर्धी तिच्या पायाशी पडलेला. नेहमीप्रमाणे मी विचारलं, "काय करतेस?"

ती म्हणाली, "मी प्रेक्षकांकडे बघते. कोण आहे तिथे?"

चार रविवारांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीही प्रेक्षकांसाठी काही लिहून ठेवलं नव्हतं. माझ्यापुरते ते नुसता आवाज होते.

मी बोलायला लागलो. पाण्याची पखाल घेतलेला म्हातारा. बाळाला उंच धरून दाखवणारी बाई. "आणि पहिल्या रांगेत एक मुलगा आहे, दहा-अकरा वर्षांचा. त्याच्या हातात खडू आहे. कठड्यावर रेघा मारतोय. किती पडले ते मोजतोय."

टेबलावर कुणी काही बोललं नाही. रूममेटचा हात टेबलावरून खाली गेला.

"जीव ओढायला सुरुवात झालीय?" तिनं विचारलं.

"हो."

"त्या मुलाचा पण?"

"सगळ्यांचा."

या जगावरच्या 'द व्हर्डंट पॅसेज' या कादंबरीत रिकस नावाचा ग्लॅडिएटर राजाला भाला मारतो. माझे खेळाडूही तेच करतील म्हणून मी भाल्याची सोय करून ठेवली होती. त्यांनी भाल्याकडे बघितलंही नाही. पुढचे अडीच तास ते दारं फोडत बसले. तिनं पायाशी पडलेल्या माणसाला उठवून सोबत घेतलं. तिच्या पात्राचा जीव दाराशीच गेला, फासा वाईट पडला. मुलगा बाहेर गेला की नाही, हे तिनं दोनदा विचारलं. गेला, मी म्हणालो. त्यासाठी मी फासा टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी मामेभावाला फोन केला. आम्ही तसे वर्षातून दोनदा बोलतो. त्याला खेळाबद्दल सांगितलं, मग झाडाबद्दल, झेंड्याबद्दल. तो खूप हसला.

"आमची गोटमार तिकडं नेऊन ठेवली का बे?"

"दादा, तू अजून जातोस?"

"जातो ना. आता मारत नाही, उभा राहतो." मग थोडं थांबून म्हणाला, "तो गोटा काही मले माराले नव्हता फेकला. देवीचा होता. असं समजलं म्हंजे झोप लागते."

त्यावर काय बोलावं ते मला कळेना. त्याची झोप काढून घेणारा मी कोण? पण माझ्याकडे माझी रेष होती. ती मी सांगितली. गच्ची, चिवडा, खडू, शेजारची पोरं, सगळं.

फोनवर बराच वेळ टीव्हीचा आवाज येत होता.

"मी कितवा होतो?" त्यानं विचारलं.

"तेवीसावा."

"हं," तो म्हणाला. आणि मग, "तुमच्या त्या खेळात एका डोळ्याचा माणूस चालते का?"

आता तो रविवारी व्हिडिओ कॉलवर असतो. मी त्याला वैद्य हो म्हणालो होतो. त्यानं ग्लॅडिएटर घेतला. लढत सुरू होण्याआधी दर वेळी तो मला थांबवतो आणि विचारतो, आज बघायला कोण कोण आलंय. मला सगळ्यांची यादी द्यावी लागते.