आठ सेकंदांच्या अलीकडचे आणि पलीकडचे ग्रेग लेमाँड

२३ जुलै १९८९. टूर द फ्रान्सचा अखेरचा दिवस. व्हर्साय ते पॅरिस असा अवघा २४.५ किलोमीटरांचा टप्पा. पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत अग्रस्थानी असलेल्याचा मान, लोराँ फिन्यों यांच्या अंगावर. अमेरिकेचे ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे. दर किलोमीटरला दोन सेकंदांहून अधिक वेळ भरून काढायचा, तोही दोनदा टूर जिंकलेल्या फ्रेंच वीराकडून आणि त्याच्याच राजधानीत. #थ्रेड

त्या दिवसाची कथा सायकलप्रेमींना पाठ असते. परंतु लेमाँड यांच्यासाठी त्या दिवसाचे मोल काय होते, हे समजून घ्यायचे तर चार वर्षे मागे जावे लागते.

सायकलची रस्ता शर्यत हा वरकरणी एकट्याचा खेळ. प्रत्यक्षात तिथे सैन्याची शिस्त चालते. खरा शत्रू वारा. पुढच्या सायकलच्या आडोशाने चालणाऱ्याची बरीच शक्ती वाचते. म्हणून संघातले बाकीचे वारा अंगावर घेतात आणि नायकाला जपतात. या सहकाऱ्यांना फ्रेंचमध्ये ‘दोमेस्तिक’ म्हणतात. शब्दशः अर्थ : घरगडी. नायक कोण आणि घरगडी कोण, हे बहुधा पायांतले बळ ठरवते. पण नेहमीच नाही.

१९६१ मध्ये कॅलिफोर्नियात जन्मलेले आणि नेवाडात वाढलेले लेमाँड मुळात बर्फावरच्या स्कीइंगचे वेडे. सायकल आली ती सरावाचे साधन म्हणून. १९७९ मध्ये ते कनिष्ठ गटाचे विश्वविजेते झाले. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकवर अमेरिकेने बहिष्कार टाकला आणि ते दार बंद झाले. पुढच्याच वर्षी सीरिल गिमार यांच्या रेनॉ संघातून ते व्यावसायिक झाले. १९८३ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, व्यावसायिकांचे विश्वविजेतेपद. १९८४ मध्ये पहिल्याच टूरमध्ये तिसरा क्रमांक.

मग आले १९८५. संघ नवा : ला व्ही क्लेर. नायक बेर्नार इनो, चार टूर जिंकलेले ब्रिटनीचे करारी गृहस्थ. पडल्यामुळे इनो यांचे नाक मोडले होते. पिरेनीजच्या घाटात लेमाँड पुढे निघाले असता संघाच्या गाडीतून हुकूम आला : जोर लावू नका. इनो अगदी जवळ आहेत असे आपल्याला सांगण्यात आले, प्रत्यक्षात ते बरेच मागे होते, असे लेमाँड यांनी पुढे वारंवार सांगितले. त्यांनी हुकूम पाळला. पॅरिसमध्ये ते दुसरे आले, १ मिनिट ४२ सेकंदांच्या फरकाने. इनो यांचा हा पाचवा विजय. पुढच्या वर्षी मी तुझ्यासाठी झिजेन, असे वचन इनो यांनी दिले.

वचनाचे काय झाले? १९८६ च्या बाराव्या टप्प्यात इनो स्वतःच सुसाट निघाले आणि लेमाँड यांच्यापुढे त्यांची आघाडी पाच मिनिटांहून अधिक झाली. सहावा विजय हा विक्रम ठरला असता; मोह समजण्यासारखा आहे. प्रतिस्पर्ध्यांना थकवण्यासाठीच मी हल्ले चढवले, हे इनो यांचे स्पष्टीकरण. ते पूर्णतः खोटे नसेल, पण पुरेसेही नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुन्हा हल्ला केला, सुपरबान्येरच्या चढावर ते खचले आणि तो टप्पा लेमाँड यांनी जिंकला. पुढे आल्प्समध्ये पिवळी जर्सीही त्यांच्याकडे आली. आल्प द्युएझच्या माथ्यावर दोघांनी हातात हात घालून शेवटची रेषा ओलांडली. छायाचित्र सुंदर आहे. त्यातल्या सलोख्यावर फार विसंबू नये. अंतिम फरक ३ मिनिटे १० सेकंद. युरोपबाहेरचा टूर विजेता प्रथमच झाला. (पुरुषांत. १९८४ ची महिलांची टूर मेरियन मार्टिन या अमेरिकन स्त्रीने जिंकली होती, हे अनेक इतिहासकारही विसरतात.)

२० एप्रिल १९८७. कॅलिफोर्नियात टर्कीच्या शिकारीला गेले असताना मेहुण्याच्या बंदुकीतून चुकून बार उडाला. लेमाँड यांच्या पाठीत आणि कुशीत छर्रे घुसले. पोलिसांचे एक हेलिकॉप्टर योगायोगाने जवळच होते, म्हणून ते वेळेत शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचले. सुमारे ३५ छर्रे शरीरातच राहिले. त्यांतले काही हृदयाच्या आवरणात. ऐन भराची दोन वर्षे वाया गेली.

१९८९ मध्ये ते एडीआर या बेल्जियन संघातून टूरला उतरले. पर्वतांत साथ देईल असा सहकारी जवळजवळ नव्हताच. हुकूम सोडणारे नाहीत, तसे वारा झेलणारेही नाहीत. पिवळी जर्सी फिन्यों आणि लेमाँड यांच्यात पुनःपुन्हा हात बदलत राहिली, आणि शेवटी उरली ती घड्याळाविरुद्धची एकट्याची शर्यत. या एकाच प्रकारात संघाला काही अर्थ उरत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लेमाँड यांनी पुढे झुकलेले विशेष हँडल अखेरच्या दिवशी गुपचूप आणले, असे सांगितले जाते. ट्रायथलॉनमधून आलेले ते हँडल त्यांनी त्याच टूरच्या पाचव्या टप्प्यातही वापरले होते, आणि तो टप्पा जिंकलाही होता. ते पाहायला सर्वांना दोन आठवडे होते. फिन्यों मात्र साध्या हँडलवर, हेल्मेटविना, पोनीटेल वाऱ्यावर सोडून निघाले. खोगिराच्या घर्षणाने झालेली जखम त्यांना छळत होती, हेही न्यायाने सांगायला हवे.

वाटेत वेळेचे आकडे मला सांगू नका, असे लेमाँड यांनी बजावले होते. २६ मिनिटे ५७ सेकंद, ताशी ५४.५ किलोमीटरांचा सरासरी वेग. फिन्यों ५८ सेकंद अधिक घेऊन पोहोचले आणि शाँज एलिझेवर कोसळले. ३,२८५ किलोमीटरांनंतरचा फरक ८ सेकंद. लेमाँड यांच्या त्या दिवशीच्या वेगाने मोजले तर सुमारे १२० मीटर. पुरुषांच्या टूरच्या इतिहासात इतका कमी फरक आजवर पडलेला नाही. पुढच्याच महिन्यात शांबेरीत त्यांनी पुन्हा विश्वविजेतेपद मिळवले, आणि १९९० ची टूर एकही टप्पा न जिंकता जिंकली.

त्यानंतरची उतरण झपाट्याची होती. १९९१ मध्ये सातवा क्रमांक, १९९४ च्या अखेरीस निवृत्ती. रक्तातील तांबड्या पेशी वाढवणारे ईपीओ हे द्रव्य याच काळात या खेळात पसरत होते.

२००१ मध्ये लान्स आर्मस्ट्राँग हे अमेरिकेचे दैवत असताना, डॉ. मिकेले फेरारी यांच्याशी असलेल्या त्यांच्या संबंधांवर लेमाँड जाहीरपणे बोलले. त्याच वर्षी त्यांना माफीचे निवेदन काढावे लागले. पुढे त्यांच्या नावाच्या सायकलींचा व्यवसायही वादात सापडून बंद पडला. मत्सरी म्हातारा, अशी त्यांची संभावना झाली. वय तेव्हा चाळीस.

२०१२ मध्ये आर्मस्ट्राँग यांची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. २००६ चे विजेते फ्लॉइड लँडिस यांचे नाव त्याआधीच पुसले गेले होते. आज पुरुषांच्या टूरच्या यादीत १९९९ ते २००५ या वर्षांपुढे कोणाचेही नाव नाही. अमेरिकन नाव एकच आहे, तीन वेळा : १९८६, १९८९, १९९०.