फळ्यावरची यादी

आमच्या तालुक्यातल्या निवृत्त शिक्षकांची एक यादी आहे. नाव, विषय, बदल्या, फोन. पुतण्याने तिचे वेब ॲप्लिकेशन करून दिले. माहिती भरतो मी. नावे नऊशेच्या वर गेली आणि यादी उघडता उघडेना. मी तक्रार केली तर पठ्ठ्या विचारतो, "काका, किती वेळ लागतो? मोजलात?"

उत्तरात 'सुमारे' लिहिले की मार्क कापणारा मी! गप्प बसलो.

त्याने प्रत्येक पान किती वेळात तयार होते याची नोंद सुरू केली. वीस वेळा मोजले. सहा सेकंद, त्यातले साडेपाच डेटाबेसमध्ये. एकेका नावाच्या बदल्या वेगवेगळ्या विचारून आणल्या जात होत्या. मी मात्र इंटरनेटवाल्याला शिव्या घालत होतो.

मग म्हणाला, कॅश लावू. मला वाटले, खर्च आला! (निवृत्त माणसाला दुसरे काय सुचणार?) कॅश म्हणजे कपाटातले रजिस्टर दरवेळी न काढता यादी एकदाच फळ्यावर लिहून ठेवायची. ब्लॉगर मंडळींना सांगायला हरकत नाही, की २००३ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिकने मेमकॅश्ड लिहिले ते लाइव्हजर्नल या ब्लॉगांच्या साइटसाठीच. आमचे प्रकरण त्यामानाने किरकोळ. कॅश चालू-बंद करायला एक बटण ठेवले, म्हणजे दोन्हीकडचे आकडे ताडून बघता येतात. कॅश चालू असताना पाव सेकंद! मी चार दिवस ज्याला त्याला दाखवत सुटलो.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आमचे गणिताचे सर गेले. त्याच रात्री मी नावापुढे 'कै.' लावले, फोन नंबर काढला. पण फळा पुसला जायचा चोवीस तासांनी. दुसऱ्या दिवशी होता शिक्षकदिन. एका जुन्या विद्यार्थ्याने यादीतून नंबर घेऊन फोन केला, "सरांना द्या ना." फोन वहिनींनी उचलला.

संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या यादीत हे अजून आहेत म्हणे." रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

मी बटण बंद केले. पुतण्याने त्याच रात्री दुरुस्ती केली: माहिती बदलली की जुनी यादी लगेच पुसली जाते. बदल्याही आता एकदम आणायच्या म्हणतो, मग कॅश लागणारही नाही कदाचित. रविवारी येणार आहे. तोवर सहा सेकंद.