ओकच्या ढलप्या आणि माझे एक निराधार विधान

इंडिया पेल एल ही बिअर ओकच्या पिंपांतून मुंबई-कलकत्त्यास येत असे, तेव्हा तिला ओकचा स्वाद असणारच, असे मी मागे याच धाग्यात लिहिले होते. त्या वाक्यास एकही संदर्भ नव्हता. आज ते मागे घेतो.

ते खरे मानणारा एक जण माझ्याच घरात होता. मी इंग्लंडमध्ये शिकत असताना माझ्याबरोबर राहणारा नाशिकचा मित्र घरी बिअर करीत असे (तिथे १९६३ पासून स्वतःपुरती बिअर करण्यास परवाना लागत नाही). "इतिहासकार, कोणत्या ढलप्या घेऊ?" असे त्याने विचारले. "अमेरिकन ओक, गडद भाजलेला," मी बेधडक सांगितले. २० लिटर बिअरमध्ये ६० ग्रॅम ढलप्या दोन आठवडे राहिल्या. बाटली उघडली तेव्हा हॉप्सचा वास कुठेच नव्हता. करंजीच्या सारणाचा होता! अमेरिकन ओकमधील लॅक्टोन नारळाचा गंध देतात आणि लाकूड भाजताना लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार होते, हे मी नंतर वाचले. वाचनाचा हा क्रम उलटा होता, हे कबूल.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज बिअर उत्पादकांना नेमका हाच स्वाद नको होता. म्हणून ते बाल्टिक किनाऱ्यावरील मेमेल बंदरातून, म्हणजे आजच्या लिथुआनियातील क्लाइपेडाहून, येणारा ओक पसंत करीत. तो घट्ट धाग्याचा आणि स्वादाने जवळपास मुका. अमेरिकन ओक ते टाळत. पहिल्या महायुद्धात बाल्टिकचा पुरवठा तुटला, तेव्हाच नाइलाजाने पर्याय शोधावे लागले. शिवाय ५४ गॅलनांच्या हॉग्सहेड पिंपात बिअरच्या मानाने लाकडाचा स्पर्श थोडाच. ढलपीला मात्र सर्व बाजू उघड्या. जे पिंपाला महिने लागतील ते ती दिवसांत उरकते.

पिंपाचे खरे देणे वेगळेच होते. १९०४ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये एन. हेल्टे क्लाउसेन यांनी साठवणीच्या इंग्रजी बिअरमधील एका यीस्टचे वर्णन केले आणि त्याला ब्रेटॅनोमायसेस, म्हणजे 'ब्रिटिश बुरशी', असे नाव दिले. हे यीस्ट लाकडाच्या रंध्रांत तग धरते. आमच्या ढलप्या तर आम्ही आधी वाफवून घेतल्या होत्या.

तेव्हा जुन्या पेल एलच्या जवळ जायचे असेल, तर ढलप्या नकोतच. हौसच असेल, तर युरोपीय ओक, हलका भाजलेला, २० लिटरला १०-१५ ग्रॅम. आणि एक दिवसाआड चव पाहावी. पोर्टरसारख्या काळ्या बिअरला अमेरिकन ओक शोभतो, हे माझे वैयक्तिक मत.

मित्राने त्या २० लिटरपैकी अर्धी बिअर मोरीत ओतली. उरलेली मला प्यायला लावली. आता मी काहीही सांगितले, की तो आधी विचारतो, "पान क्रमांक?"