गाडी केव्हा तापते?

आमच्या घरावर कऱ्हाडच्या एका रेडिएटर-मिस्त्र्यांचं ऋण आहे. सगळा ट्रक अड्डा त्यांना चाचा म्हणायचा, मीही चाचाच म्हणतो.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गाडी टाटांच्या टेल्कोची जुनी 1210. टेल्कोने 1954 साली डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले. 1969 मध्ये करार संपला, तरी जुने ड्रायव्हर पुढे कितीतरी वर्षं टाटाच्या गाडीला ‘मर्सिडीज’च म्हणत. आमची गाडी साखर-गूळ घेऊन चिपळूणला उतरायची आणि येताना जांभा चिरा भरून पोफळीपासून कुंभार्ली घाट चढायची. त्या चढावर ती पाणी फेकायला लागली. काटा लाल पट्ट्यात जायचा, झाकणाखालून वाफ सुटायची, आणि अण्णा गाडी कडेला घेऊन चाकाला दगड लावायचे.

एका गॅरेजने वॉटर पंप बदलला. दुसऱ्याने थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाकला, म्हणे पाणी मोकळं फिरेल. गाडी उकळतच राहिली. तिसऱ्याने इंजिन उतरवायचा खर्च सांगितला. गाडीवर बँकेचा हप्ता होता, घरात आईच्या पाटल्यांचा विषय निघाला होता. तेव्हा कुणीतरी चाचांकडे धाडलं.

चाचांनी पाना उचललाच नाही. विचारलं, “अण्णा, केव्हा तापते?”

तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापत असेल तर वॉल अडकलाय किंवा पाणीच फिरत नाही. सपाटीला वेगात तापत असेल तर खालचा होज पाइप आतल्या आत चिपकतोय का ते बघायचं, कारण पंप तिथूनच पाणी ओढतो. आमची गाडी तापायची ती भरलेली असताना, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. अशा वेळी इंजिन जोरात फिरतं, पण गाडीला पुढून वारा मिळत नाही. सगळी मदार पंख्यावर आणि रेडिएटरच्या जाळीवर.

मग त्यांनी एकेक करून बघायला घेतलं, आणि दर वेळी मला जवळ बोलावलं. थंड गाडीचं झाकण काढून रेडिएटर काठोकाठ भरला, इंजिन रेस केलं. बुडबुडे येत राहिले असते तर हेड गॅस्केट गेलं म्हणून समजायचं होतं. आले नाहीत. इंजिन उतरवायची गोष्ट तिथेच मिटली. अण्णांनी टेकून बसायला जागा शोधली, ते मला आजही दिसतं. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून बघितला. झाकणाचं रबर कडक झालं होतं, ते नवीन घ्यायला सांगितलं. झाकणाचं काम प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं: कऱ्हाडच्या उंचीवर पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, 7 पौंडांचं चांगलं झाकण तीच मर्यादा 10 अंशांहून जास्त वर नेतं.

शेवटी गाडी गरम करून इंजिन बंद केलं, पंखा थांबला, आणि चाचांनी जाळीवर तळहात फिरवला. मग माझा हात धरून तिथेच फिरवला. वर चटका बसत होता, पण मध्ये आणि खाली मोठे पट्टे जवळजवळ गार होते. तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं.

वरची टाकी डाख सोडवून उघडली तेव्हा नळ्यांची तोंडं पांढरी झालेली. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी भरल्याचा तो क्षार. बाहेरून पाकळ्यांत कोकणातली लाल माती लिंपून बसलेली. चाचांनी नळीनळीतून पातळ सळी फिरवली, माती इंजिनाच्या बाजूने पाणी मारून पुढे काढली, टाकी परत डाखली. वॉलही पुन्हा बसवायला लावला. वॉल नसला की अनेक इंजिनांत बायपासची वाट उघडी राहते आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरमध्ये न जाता पंपाकडेच परत फिरतं, हे मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकलं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नको, हेड तडकतं, हेही तेव्हाच बजावलं.

सळी मारायचे आणि डाखाचे पैसे त्यांनी घेतले. सबंध दुपार तपासण्यात गेली, तिचे घेतले नाहीत. अण्णा खिशात हात घालायला लागले तर म्हणाले, “बघायचे कसले पैसे?”

पुढच्या फेरीला चिरा भरलेली गाडी हेळवाकपर्यंत न थांबता चढली. पाटल्या आईच्या हातातच राहिल्या, हप्ते त्याच गाडीने फेडले, आणि माझा डिप्लोमाही तिच्याच भाड्यावर झाला. आज माझं स्वतःचं गॅरेज आहे. कारण शोधायच्या आधी पार्ट बदलणाऱ्या कारागिराला मी कामावर ठेवत नाही. गिऱ्हाइकाचे पैसे त्याच्या घरातून येतात, आणि त्या घरातही पाटल्या असतात.

चाचा आता नाहीत. अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या, त्या डाख सोडवून उघडता येत नाहीत. शेवटच्या वर्षांत त्यांच्याकडचं काम फार कमी झालं, याचं मला वाईट वाटत राहिलं. दुकान त्यांचा मुलगा चालवतो. पितळी टाकीचा रेडिएटर आला की मी त्याच्याकडेच धाडतो आणि तो सांगेल ते देतो. माझ्याकडे गाडी तपासायचे पैसे लागत नाहीत. हिशेब बघणारा धाकटा भाऊ एकदा त्यावरून बोलला, तेव्हा अण्णांनी त्याला समोर बसवून कुंभार्लीची सगळी हकिगत सांगितली.